गाजराची पुंगी आणि कडू भोपळा

गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली. ही म्हण आताशा मला अर्धवट वाटते. पुंगी वाजली तर पुढं काय, यावर ती गप्प. आणि धड वाजली नाही, धड बिघडलीही नाही, तर? माझं सध्या तसं चाललंय. त्यात माझी पुंगी मोडून खाता येणारी नाही. तिचं अंग पितळेचं आहे.

रेझोनेटर गिटार म्हणतात तिला. 1927 च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये जॉन डोपेरा या स्लोव्हाक कारागिरानं गिटारीच्या पोटात ॲल्युमिनियमचे तीन पातळ शंकू बसवले. का, तर बँडच्या गोंगाटात तिचा आवाज पोचावा. थोड्याच वर्षांत विजेवरची गिटार आली आणि मोठ्या आवाजाची ती गरजच सरली. वाद्य मात्र राहिलं. ज्या कामासाठी जन्मलो ते काम संपल्यावरही कुणी वाजवत राहावं, ही काही वाईट गत नाही.

भजनात पेटीवाला आधी पट्टी विचारतो. ही गिटार पांढरी पाचची. खुल्या जीमध्ये जुळवली की जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत प सा प सा ग प. तारा सहा, सूर तीनच. डावा हात नुसता मांडीवर ठेवून छेडलं तरी कॉर्ड तयार! पाचव्या पडद्यावर स्लाइडची सळई आडवी टेकवली की मध्यमाची कॉर्ड, सातव्यावर पंचमाची, बाराव्यावर वरचा सा. बोटानं दाबताना पडद्याच्या जरा अलीकडं दाबायचं. सळई मात्र ऐन पडद्यावर धरायची. पाचवा पडदा तारेच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येतो, सातवा तिसऱ्या, बारावा बरोबर मध्यावर. भावकीत जमिनीची वाटणी इतकी सरळ कधी झालेली नाही.

अडतं ते कोमल गंधारापाशी. भजनाची सांगता भैरवीनं, आणि तिचा गंधार कोमल. एकेका तारेवर सळई घसरवताना तो सापडतो. कॉर्ड धरली की सळई सगळ्या तारांवर आडवी आणि गंधार शुद्धच बोलतो. मग गंधाराची तार गाळायची, सा आणि प तेवढे वाजवायचे. कॉर्ड ना हसरी, ना रडवी. ऐकणाऱ्यानं आपल्या मनातला गंधार घालून घ्यावा.

पण मुळात गाजर कशाला? खरी पुंगी वाळल्या भोपळ्याची. मिरजेचे तंबोरेही भोपळ्याचेच. तिथले शिकलगार पूर्वी हत्यारांना धार लावायचे. एकोणिसाव्या शतकात ते तंतुवाद्यांकडं वळले, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, आणि तो कडू असतो. कुणी खात नाही, म्हणूनच बहुधा वेलावर निवांत वाळत असेल. म्हणजे खाण्याच्या लायकीचं नसेल तेच वाजतं की काय? डोपेराच्या शंकूलाही हे लागू पडतं. मी या शोधावर खूश होतो, तेवढ्यात पखवाज आठवला. त्याच्या डाव्या तोंडाला कणीक थापतात, तेव्हा कुठं तो घुमतो. ती कणीक भाकरी-पोळीच्या घरातूनच आलेली. आणि संबळाचं कातडं? ज्याचं ते, त्याचं मटण कुणी ना कुणी खाल्लंच असणार. झालं, नियम मोडला. आमच्या अर्धापुरात तर गाजरापेक्षा केळीच जास्त. इसापूर धरणाच्या पाण्यावर पोसलेल्या केळीचं खोड एवढं जाडजूड, पण त्यातून सूर निघाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

हल्ली वेगळंच डोक्यात घोळतं. दुसरी तार, म्हणजे गंधाराची, अर्ध्या सुरानं उतरवूनच ठेवली तर? खुल्या तारांत कोमल गंधार आपोआप मिळेल. शुद्ध हवा तेव्हा त्याच तारेवर पहिल्या पडद्यापाशी एक बोट. पण सळई टेकवली की पाचव्यावर, सातव्यावर, सगळीकडं रडवंच. शेवटी दोन्ही जुळण्या चुलत्यांना ऐकवल्या.

“आण्णा, कोणती ठेवू?”

“पहिली बरी होती की.” मग पान लावता लावता थांबून म्हणाले, “पहिली कोणती वाजवलास रे?”

मी सांगितलं.

“मंग दुसरी,” आण्णा म्हणाले.