म्हैस उड

‘चिमणी उड, कावळा उड’ हा खेळ ज्या कोणी शोधून काढला त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. पावसाने घरात कोंडलेल्या पोरांना एका जागी बसवण्यासाठी कुणा आजीनेच तो काढला असावा. बोटे जमिनीवर टेकायची. ‘चिमणी उड’ म्हटले की वर न्यायची, ‘म्हैस उड’ म्हटले की जागच्या जागी ठेवायची. एवढाच खेळ. पण चलाख मूल चिमणीवर हरत नाही, म्हशीवर हरते. चार-पाच पाखरे भराभर उडवून हात एकदा रंगात आला की मग म्हैसही उडते! लहान वर्गांना मी हा खेळ कितीतरी वर्षे खेळवीत आलो आहे. त्याचा विमान चालवण्याशी काही संबंध असेल हे मात्र अलीकडेच ध्यानात आले, आणि तेही एका जुन्या विद्यार्थिनीमुळे.

ही मुलगी आमच्या गावच्या एका निवृत्त हवालदाराची. लहानपणी सागरगोटे खेळायला बसली की तिच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे. यंदा ती बारावी झाली आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनीची लेखी परीक्षा उतरली. तिथून मुलींची पहिली तुकडी, सतरा जणींची, मे २०२५ मध्ये बाहेर पडली, त्या दिवसापासून हिला दुसरे काही दिसतच नाही. हवाई दलाच्या निवडीसाठी तिला म्हैसूरचे बोलावणे आले आणि ती पेढे घेऊन घरी आली. पण चेहरा पेढ्यांना शोभण्यासारखा नव्हता.

“सर, मुलाखतीची भीती नाही. ती पुन्हा देता येते. पण वैमानिकांची ती हाता-डोळ्यांची परीक्षा जन्मात एकदाच.”

तिचे म्हणणे खरे होते. हातात दांडी, पायाखाली पेडले आणि पुढे पडद्यावर सारखा पळणारा ठिपका. त्याला मधल्या चौकोनात धरून ठेवायचे, अशा धर्तीची ही परीक्षा आहे. पूर्वी ती निराळ्या यंत्रांवर होई, आता संगणकावर होते. तीत जो नापास झाला त्याला हवाई दलाचा वैमानिक होण्यासाठी पुन्हा बसता येत नाही. गणितात नापास झालेल्याला पूर्वी आपण ऑक्टोबर दाखवीत असू. इथे ऑक्टोबर नाही.

“सर, सरावाने हात वाढतो का?” तिने विचारले.

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. परंतु मास्तराला प्रश्न विचारला आणि त्याने हात वर केले, असे कधी होत नसते. मी पुस्तके धुंडाळू लागलो.

माणसाच्या हाता-डोळ्यांतले अंतर मोजण्याची कथा विमानांच्या फार आधी, एका माणसाची नोकरी जाण्यापासून सुरू होते. १७९६ साली ग्रीनिचच्या वेधशाळेत मास्केलिन या राजज्योतिषाने किनब्रुक नावाच्या साहाय्यकाला काढून टाकले; कारण दुर्बिणीतल्या तारेवरून तारा सरकल्याची त्याची नोंद मास्केलिनच्या नोंदीपेक्षा सेकंदाचे आठ दशांश मागे पडत असे. पुढे पंचवीसेक वर्षांनी बेसेल या जर्मन ज्योतिषाने ताडून पाहिले, तेव्हा आढळले की कोणत्याही दोन निरीक्षकांच्या नोंदी तंतोतंत जुळत नाहीत. म्हणजे मास्केलिनच्या नोंदी तरी बरोबर कशावरून? किनब्रुकला अर्थात त्याचा काही उपयोग झाला नाही.

१८६८ साली डोंडर्स या डच शास्त्रज्ञाने एक फार सुंदर विचार केला. खूण होताच हात हलवायला एक वेळ लागतो. अमुक एका खुणेलाच हलवायचा आणि बाकीच्यांना स्वस्थ बसायचे म्हटले की अधिक वेळ लागतो. ही वाढ म्हणजे मनाने विचारात घालवलेला वेळ. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून हसत बसलो. आमची म्हैस हॉलंडातही होती तर!

पहिल्या महायुद्धात फ्रेंच डॉक्टर वैमानिक होऊ पाहणाऱ्या तरुणांची ही चपळाई घड्याळावर मोजू लागले. जवळच पिस्तुलाचा बार काढून हात किती थरथरतो तेही टिपू लागले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तर यंत्रांची जत्राच भरली. ग्रामोफोनसारख्या फिरत्या तबकडीवरच्या धातूच्या टिकलीला हातातल्या कांडीने चिकटून राहायचे, हे त्यांपैकी एक. मला वाटते, आमच्या हवालदारांच्या लेकीने ती टिकली सोडली नसती.

वाचन पुरे झाल्यावर आम्ही प्रयोग सुरू केले. साधन कोणते? फूटपट्टी! मी पट्टी वरून उभी धरायची, तिने खाली दोन बोटे उघडी ठेवायची. मी न सांगता सोडायची, तिने चिमटीत पकडायची. पट्टी जितकी खाली घसरली त्यावरून वेळ निघतो. २० सेंटिमीटर घसरली तर सेकंदाचा पाचवा भाग. तेवढ्यात ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान ५० मीटर पुढे गेलेले असते. पहिल्या दिवशी तिची सरासरी १७ आली. महिनाभर रोज संध्याकाळी सराव केल्यावर १५. तिला मोठा आनंद झाला. मी हिशेब केला तर कमाई निघाली सेकंदाच्या शंभराव्या भागाची! डोळ्यापासून मेंदूपर्यंत आणि मेंदूपासून बोटापर्यंतचा रस्ता निसर्गाने आखून दिलेला. त्यावर फार घोडदौड करता येत नाही.

मग मी दोन पट्ट्या घेतल्या, एक लाल आणि एक पांढरी. लाल सुटली तर पकडायची, पांढरी सुटली तर पडू द्यायची. पहिल्या आठवड्यात पांढरीही तिच्या चिमटीत सापडे आणि ती स्वतःवरच चिडे. तीन आठवड्यांनी मात्र पांढरी पट्टी फरशीवर टणकन आपटू लागली आणि लाल सहसा सुटेनाशी झाली. इथे सरावाला जागा होती.

पण पांढऱ्या पट्टीवर एवढा वेळ कशाला, असे हवालदार म्हणाले. त्यांना हात चपळ हवा होता. तेव्हा मी त्यांना तैपेईची हकीकत सांगितली. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तिथून उडालेल्या एका विमानाच्या दोन इंजिनांपैकी उजवे निकामी झाले. हात पुढे झाला आणि त्याने मागे ओढली ती चालत्या, डाव्या इंजिनाची दांडी. पुढे ते इंजिन बंदही केले गेले. उड्डाणाला तीन मिनिटे होण्याच्या आत विमान नदीत कोसळले. ५८ जणांपैकी ४३ दगावले. हात मंद नव्हता. पांढरी पट्टी पकडली गेली होती.

उलट १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कवर पक्ष्यांचा थवा दोन्ही इंजिनांत शिरला, तेव्हा सलनबर्गर या कप्तानाचा हात जवळजवळ तत्काळ गेला तो वीज देणाऱ्या छोट्या जादा इंजिनाकडे. मागे वळायचे की नदीत उतरायचे, याला मात्र त्याने काही क्षण घेतले. चौकशीत कृत्रिम विमानावर प्रयोग झाले, तेव्हा थवा आदळताच वळलेले काही वैमानिक धावपट्टीवर पोहोचले. पण खऱ्या माणसाला परिस्थिती ओळखायला लागणारी ३५ सेकंदे मोजताच ती धावपट्टी हातची गेली. विमान हडसन नदीत उतरले आणि १५५ च्या १५५ माणसे वाचली. हवालदार ऐकून बराच वेळ मिशीवरून हात फिरवीत राहिले. फौजेतल्या माणसाला ‘हुकमाशिवाय गोळी नाही’ हे मी काय समजावणार!

आणि कधी कधी दोष हाताचा नसतोच. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ जातीच्या बाँबफेकी विमानांत उतरल्यावर पंखांच्या पाळ्या मिटण्याऐवजी वैमानिक चाकेच मिटून घेत आणि विमान पोटावर बसे. वैमानिकांना पुष्कळ बोल लावून झाले. मग चापानीस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने पाहिले की दोन्ही खटके एकसारखे असून जवळजवळ बसवले आहेत. त्याने एकाला रबरी चाक बसवले, दुसऱ्याला पाळीसारखी पट्टी. चूक थांबली. आजही विमानातली चाकांची मूठ चाकासारखीच असते. परीक्षा घेणाऱ्यांनी कधीतरी खटक्यांचीही परीक्षा घ्यावी, असे मला मास्तर असूनही वाटते.

म्हैसूरची तारीख जवळ आली तसे तिचे डोळे तांबारलेले दिसू लागले. विचारले तर म्हणाली, रात्री दोनपर्यंत मोबाइलवर ठिपके पकडण्याचे खेळ खेळते. मी तेव्हा जरा आवाज चढवला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात सतरा-अठरा तास जागलेल्या माणसांचे हात-डोळे दारू प्यायलेल्यांसारखे ढिले पडलेले आढळले होते. अवकाशस्थानकातले अंतराळवीरसुद्धा अशाच एका साध्या परीक्षेने आपली तरतरी तपासून पाहत आले आहेत: अनिश्चित वेळाने खूण दिसते, दिसताच कळ दाबायची, बस्स. झोप कमी झाली की मधूनच एखादी खूण दिसूनही हात उठत नाही, आणि तो उठला नाही हे माणसाला कळतही नाही.

“म्हणजे सर, महिनाभर पट्ट्या पकडून मिळवलेला शंभरावा भाग मी एका रात्रीत घालवतेय?”

“एका रात्रीत त्याच्या दसपट,” मी म्हटले. आकडा अंदाजाने फेकलेला होता, पण दिशा बरोबर होती.

काल ती निरोप घ्यायला आली. गाडी पहाटेची. तिच्या आईने चकल्यांचा एवढा मोठा डबा दिला आहे की निवड मंडळालाही पुरावा. पट्ट्या परत करीत ती म्हणाली, “गेले सहा दिवस दहाला झोपते, सर. बाबा मोबाइल उशाखाली घेऊन झोपतात.”

आणि नमस्कार करून ती बॅग भरायला गेली.