बीपीचा पट्टा

पोरीच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळायचा, फुगा दाबायचा आणि काट्याकडे बघत सहज विचारायचं, "पाळी कधी आली होती गं?" तोंडाकडे बघून विचारलं की मान खाली जाते आणि उत्तर आई देते. पट्टा सुटेपर्यंत तिला उठता येत नाही, माझे डोळे काट्यावर असतात; तेवढ्यात दोन वाक्यं निघतात. राहात्यात नोकरीला लागले तेव्हा हे ठाऊक नव्हतं. नर्सिंगच्या पुस्तकात प्रश्न होते, ते कुठे बघत विचारायचे ते नव्हतं.

‘मासिक पाळी’ हा फळ्यावरचा शब्द. आमच्याकडे बाया म्हणतात अडचण आली, बाजूला बसले, कावळा शिवला. ‘अंगावरून जातंय’ तर फार फसवं. पांढरं गेलं तरी तेच, लाल जास्त गेलं तरी तेच. रंग विचारावाच लागतो. पोरांचं निराळं. त्यांना अशक्तपणा असतो आणि टॉनिक हवं असतं. त्या टॉनिकामागे स्वप्नदोषाची धास्ती असते, हे कळायला मला दोन वर्षं लागली. त्यात दोष कसला? वयात आल्याची खूण ती. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं; आणि अजून पोरगं दाराशी घुटमळतं, आत कुणी बाई नाही ना बघतं, नि सर्दीची गोळी घेऊन जातं.

शाळेत आठवड्याला निळी गोळी देतात. ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. शी काळी होते म्हणून पोरी घाबरून गोळ्या दप्तरात साठवतात. मी आधीच सांगते, काळी होणार, भिऊ नको. उपाशीपोटी घेऊ नको, वर चहा पिऊ नको, पेरू खा. ‘क’ जीवनसत्त्वानं लोह अंगी लागतं, आणि राहात्यात पेरूला काय तोटा! तरी एखादी आजी म्हणतेच, "पेरूनं सर्दी होती, सिस्टर."

एक वचन मात्र मी आता देत नाही: ‘कुणाला सांगणार नाही.’ पूर्वी सर्रास द्यायचे. मुलगी अठराच्या आतली असेल आणि शरीरसंबंधाची गोष्ट निघाली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवावंच लागतं. म्हणून ते आधी सांगते. काही जणी तिथेच गप्प होतात. फसवून बोलती करण्यापेक्षा तेही बरं, असं मी मनाला समजावते. दर वेळी पटतंच असं नाही.

एक चूक मात्र विसरत नाही. चौदा वर्षांची पोर, पोटात कळा. केसपेपरवर मीच लिहिलं ‘पोटदुखी’. जंताची गोळी झाली, पुढच्या खेपेला मुतखड्याची शंका झाली. चौथ्यांदा आली तेव्हा लघवीही अडली होती. पट्टा बांधता बांधता जुन्या केसपेपरवरच्या तारखांवर नजर गेली. दर दोन तारखांत अठ्ठावीस-तीस दिवसांचं अंतर. आईला विचारलं, पदर आला का हिला? "नाही अजून. थोरलीला उशिराच आला होता." पोर अंगानं भरलेली, महिन्याच्या महिन्याला दुखतंय आणि बाहेर थेंब नाही. पाळी येत होती, वाट बंद होती. योनीच्या तोंडावरचा पडदा जन्मतः पूर्ण बंद, आत महिन्यांचं रक्त साचलेलं. सोनोग्राफीत दिसलं. भूल देऊन छोटा छेद घेतला, काळपट घट्ट रक्त वाहून गेलं आणि पोर संध्याकाळी भूक लागली म्हणाली. तीन महिने तारखा माझ्याच अक्षरात समोर होत्या.

आईचा जीव मात्र दुसरीकडेच अडकलेला. "पडदा कापला म्हणता. उद्या लग्नात कुणी काय म्हणलं तर?" मी कागदावर चित्र काढून दाखवलं, कुठं काय असतं ते. तीन लेकरं झालेली बाई. स्वतःच्या देहाचं चित्र पहिल्यांदा बघत होती. बोट ठेवून विचारलं, "मग लघवीची वाट वेगळी असती व्हय?"

आठवड्यानं दोघी दाखवायला आल्या. पोरीचं बघून झालं. आई उठेना. "जा गं, केसपेपर घेऊन ये," म्हणून तिनंच लेकीला बाहेर पाठवलं, पदर सावरला, बाही वर केली आणि दंड पुढे केला.

"माझंबी बीपी बघा की, सिस्टर."

मी पट्टा गुंडाळला आणि काट्याकडे बघत राहिले.