रस्ता कुणाच्या बापाचा?

पुण्याच्या माणसाला सायकलीवरून खाली उतरवणे एके काळी ब्रह्मदेवालाही जमले नसते. १९६५ साली मी चौथीत होतो. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात आठ बिऱ्हाडे होती आणि सायकली अकरा! सायकलीला बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, आणि डबलसीट दिसली की कोपऱ्यावरचा पोलीस शिट्टी फुंकी. शिट्टी ऐकताच मागचा टुणकन उतरे, साळसूदपणे चालू लागे आणि पुढच्या बोळात पुन्हा मागे बसे. आमचे रस्त्यावरचे गुन्हे ते एवढेच.

पुढे नोकरीनिमित्त मी दादरला गेलो. तरी दिवाळीचा पाडवा पुण्यास थोरल्या भावाकडे, हा शिरस्ता मी मोडलेला नाही. गेल्या पाडव्याला मात्र फराळाच्या ताटावरच वादाला तोंड फुटले. पुतण्याने नुकतीच नवी मोटार घेतलेली. त्या भरात तो म्हणाला, "काका, रस्त्याचे पैसे भरतो आम्ही मोटारवाले. पायी चालणारे आणि आमच्या बाबांसारखे सायकलवाले फुकटात वापरतात आणि वर मध्ये मध्ये येतात!"

दादा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. अजून मंडईतून भाजी सायकलवर आणतो. त्याने चकलीचा तुकडा मोडला आणि काही न बोलता तोंडात टाकला. वहिनी म्हणाल्या, "सणाचे भांडू नका. चतुःशृंगीचे दर्शन तरी घेऊन या." तेव्हा ठरले ते असे : पुतण्याने मोटारीने यायचे, दादाने सायकलीने आणि मी चालत.

निघालो. पहिल्याच शंभर पावलांत मला कळून चुकले की, फुटपाथ ही चालण्याची जागा आहे असा समज फक्त चालणाऱ्यांचाच आहे. एका ठिकाणी आकाशकंदिलांचे दुकान अंगणात यावे तसे बाहेर आलेले, पुढे स्कूटरींची रांग, त्यापुढे खोदून ठेवलेली माती. दर वेळी खाली रस्त्यावर उतरावे, मागून भोंगा खावा आणि पुन्हा वर चढावे! अलका टॉकीजच्या चौकात पट्टे ओढलेले होते. पण त्यांवरून पलीकडे जाताना मी हात असा काही वर केला होता, की लांबून पाहणाऱ्याला वाटावे, म्हातारा भाषण करतो आहे.

लकडी पूल ओलांडून डेक्कनवरून जंगली महाराज रस्त्याला लागलो आणि जीव जरा खाली पडला. या रस्त्याची कीर्ती जुनी. सत्तरीच्या दशकात तो दहा वर्षांची हमी घेऊन बांधला गेला आणि हमी संपल्यावरही कित्येक पावसाळे खड्ड्यांवाचून टिकला. अलीकडे २०१६-१७च्या सुमारास त्याचे फुटपाथ ऐसपैस करण्यात आले, बसायला बाके आली. एका बाकावर आजोबा वर्तमानपत्र वाचीत होते, शेजारी एक पोर फुगा सोडून देऊन रडत होते. रुंद फुटपाथाने मोटारवाल्याचे नुकसान होते म्हणतात. पण त्या पोराची आई त्याचा हात सोडून निवांत बसली होती, ही कमाई कुठल्या खात्यात मांडायची?

मीही बसलो आणि पुतण्याचा हिशेब मनात मांडू लागलो. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. रस्त्यांसाठी पेट्रोलवर जादा कर घ्यावा, ही सूचना मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केली. समिती नेमली गेली १९२७ साली, आणि १९२९ पासून गॅलनमागे दोन आणे रस्तानिधीत जाऊ लागले. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. आजही पेट्रोलवरचा रस्ते-उपकर आहेच; पण त्याचा मोठा वाटा जातो महामार्गांना. गाडी घेताना भरलेला वाहनकर जातो राज्य सरकारकडे. आणि आमच्या वाड्यापुढचा रस्ता? तो करते महानगरपालिका, आणि तिच्या तिजोरीत दादाची घरपट्टी वर्षानुवर्षे पडते आहे. भाडेकरूही ती भाड्यातून भरतोच. फुकटा कोण, मग?

झीज कोण करतो, तेही पाहावे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर मालमोटारी फिरवल्या गेल्या. निघालेला ढोबळ नियम असा, की आसावरचा भार दुप्पट झाला तर झीज दुप्पट नव्हे, सोळापट होते. या हिशेबाने भरलेल्या मालमोटारीपुढे पुतण्याची मोटार किरकोळ, आणि मोटारीपुढे दादाची सायकल म्हणजे हत्तीपुढे मुंगी!

पण पैशांचा हिशेब सोपा असतो. बाकावर बसल्या बसल्या मला जो आठवला तो दुसराच. वीस-बावीस वर्षांपूर्वी दादरला मी मोटार कडेला लावली आणि मागे न पाहता दार उघडले. सायकलवरून पाव वाटणारा एक माणूस दारावर आदळला. लाद्या रस्ताभर पसरल्या. त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. मी त्याला दवाखान्यात नेले, बिल भरले, वर पाचशे रुपये हातावर ठेवले आणि स्वतःला सज्जन समजत घरी आलो. दोन महिने त्याचा फेरा बंद होता, हे मला नंतर नाक्यावरच्या वाण्याकडून कळले. मी चौकशीला गेलो नाही. माझा कर भरलेला होता, विमा होता, परवानाही होता. माझ्या चुकीतला मोठा हिस्सा मात्र त्याने भरला. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. असे आकडे वाचले की मला लाद्या दिसतात.

चतुःशृंगीच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा दादा केव्हाच येऊन सायकलला कुलूप लावून उभा होता. मोटार सर्वांत शेवटी आली. रस्त्यात गर्दी, आणि ती लावायला जागा मिळेना! दर्शन झाल्यावर मी पुतण्याशेजारी मोटारीत बसलो आणि पाववाल्याची गोष्ट त्याला सांगितली. ती आजवर मी घरातही कुणाला सांगितली नव्हती. तो काही बोलला नाही. गाडी मात्र हळू चालवू लागला.

वाड्याजवळ गाडी थांबली. त्याचा हात दाराच्या कडीवर गेला आणि तिथेच राहिला. त्याने आरशात पाहिले, मग मान वळवून मागे पाहिले. ओळखीची घंटी वाजली, आणि दादाची सायकल संथपणे दाराला घासून पुढे गेली.

मग त्याने दार उघडले.