बाळसें कीं जंत?

गेल्या माघांत वज्रेश्वरीचें दर्शन घेऊन आम्ही सारीं अकलोलीस गेलों. तानसेच्या कांठच्या ऊन पाण्याच्या कुंडांपाशीं कुत्र्याचें एक पिल्लूं धाकट्या जावेच्या बाळूच्या पाठीस लागलें आणि आमच्याबरोबर घरीं आलें. त्याचें गरगरीत पोट पाहून सासूबाई म्हणाल्या, "छान बाळसें धरलें आहे हो!"

परंतु पोट फुगत असतां फांसळ्या दिसूं लागल्या, केस राठ झाले आणि एके सकाळीं पिलानें शेवयांसारखे जंत ओकले. मीं वावडिंगाची पूड काढली; पशुवैद्यांनीं मात्र ती देऊं दिली नाहीं. त्यांनीं आधीं पिलाचें वजन केलें, मग त्या मानानें पायरँटेल दिलें. हे जंत पिलांस बहुधा आईच्या उदरांतच लागतात. अंगांत दडलेल्या अळ्या मागाहून आंतड्यांत उतरतात, म्हणून एका मात्रेनें भागत नाहीं; पिल्लूं २ महिन्यांचें होईपर्यंत दर पंधरवड्यास व पुढें ६ महिन्यांपर्यंत दरमहा औषध हवें. हिरड्या फिकट पडल्यास अंकुशकृमींचा, शेपटीखालीं तांदळासारखे कण आढळल्यास पट्टकृमींचा संशय घ्यावा.

खरी काळजी बाळूची होती. विष्ठेंतील अंडीं मातींत २ ते ४ आठवड्यांत पक्व होतात. तीं मुलाच्या पोटांत गेल्यास अळी क्वचित् डोळ्यापर्यंतही पोंचते. म्हणून विष्ठा रोज उचलावयाची व जेवणापूर्वीं साबणानें हात धुवावयाचे, असा नियम आम्हीं घातला.

आतां पिल्लूं चपळ झालें आहे. सासूबाई मात्र अद्याप म्हणतात, "वाळलें ग बिचारें!"