लॅमिंग्टन रोडचा बाजार

मुंबईस ग्रँट रोड स्टेशनावर उतरून पूर्वेच्या अंगानें बाहेर पडलें म्हणजे थोड्याच अंतरावर लॅमिंग्टन रोड लागतो. १९०३ पासून १९०७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचें हें नांव. पुढें रस्त्याचें नामकरण डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें झालें, तरी जुनें नांव लोकांच्या जिभेवरून गेलेलें नाहीं. दक्षिणेस ऑपेरा हाउसचा भाग. ज्या देवधरांच्या विद्यालयांत कुमार गंधर्व शिकले तें तेथलेंच. संगीताच्या या जुन्या शेजारीं आज रेडिओ, स्पीकर आणि तारा यांचीं दुकानें एकमेकांस खेटून उभीं आहेत.

मी तेथें गेलों तो आमच्या आक्कांकरितां. त्या आतां अंथरुणास खिळल्या आहेत. दहा फूट रुंद, बारा फूट लांब अशा खोलींत, इतरांची झोंप न मोडतां, रात्रीं हलक्या आवाजांत ख्याल ऐकावा एवढीच त्यांची इच्छा. स्पीकरांची जोडी घरीं होती. ॲम्प्लिफायर तेवढा घ्यावयाचा होता. पैसा पेन्शनीचा, तेव्हां जपून खर्चणें प्राप्त होतें.

पहिल्याच दुकानदारानें “किती वॅटचा?” असें विचारलें. वास्तविक आधीं खोली, मग स्पीकर आणि शेवटीं वॅट, असा क्रम हवा. आमच्या स्पीकरांची संवेदनक्षमता ८६ डेसिबल. म्हणजे एका वॅटानें एक मीटरवर तेवढा आवाज. साधें संभाषण सुमारें ६० डेसिबल भरतें. अर्थात् दोन मीटरांवर निजलेल्या माणसास हलकें गाणें ऐकविण्यास वॅटाचा अंशही पुरतो. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज अवघा ३ डेसिबलांनीं वाढतो. तबल्याच्या थापेकरितां राखीव शक्ति धरूनही प्रत्येक बाजूस २० ते ३० वॅट पुष्कळ झाले. मात्र ते ‘आर. एम. एस.’ पद्धतीनें मोजलेले असावेत, ‘पी. एम. पी. ओ.’ म्हणून छापलेल्या हजारों वॅटांस भुलूं नये.

रिसीव्हर म्हणजे रेडिओ जोडलेला ॲम्प्लिफायर. घरगुती सिनेमाच्या रिसीव्हरांत पांच किंवा अधिक स्पीकरांची सोय असते. दोनच लावणाऱ्यानें बाकीच्यांचे पैसे कां भरावे? तळहाताएवढे ‘क्लास डी’ ॲम्प्लिफायर स्वस्त असून तापतातही कमी. पण त्यांवरील वॅट बहुधा ४ ओहमच्या स्पीकरवर धरलेले असतात. ८ ओहमवर ते साधारण निमेच मिळतात.

निजावयाच्या खोलीस लागणारी खरी परीक्षा निराळीच आहे. गाणें न लावतां यंत्र चालू करून स्पीकरास कान लावावा. सूं-सूं किंवा घूं-घूं ऐकूं आल्यास रात्रीच्या शांततेंत ती तंबोऱ्याच्या षड्जांत मिसळेल. नंतर आवाज अगदीं लहान करून दोन्ही बाजू सारख्या वाजतात कीं नाहीं हें पाहावें. स्वस्त यंत्राचें बटण दगा देतें तें येथेंच.

तिसऱ्या दुकानीं ही परीक्षा निवांतपणें करूं दिली. तेथेंच मीं लहानसा ‘क्लास डी’ घेतला. वाचकांपैकीं कोणी गेल्यास रविवार टाळावा, आपला एक स्पीकर बरोबर न्यावा आणि पक्कें बिल मागून घ्यावें. आक्कांचा मालकंस आतां रात्रीं दहानंतर लागतो, आणि शेजारच्या खोलींत मुलें स्वस्थ झोंपतात.