गर्न्सीची आजी

सेंट मार्टिनच्या चर्चच्या फाटकातच आजी उभी आहे. ‘ला ग्रान-मेर’, चार हजार वर्षांहून जुनी पाषाणातली बाई. डोक्यावर कुणीतरी रानफुलं वाहिली होती. वेशीवरच्या एखाद्या देवीसमोर थांबावं तशी मी थांबले. मूर्तिपूजा चालते म्हणून १८६० मध्ये चर्चच्याच एका कारभाऱ्यानं तिचे दोन तुकडे केले. गावकरी खवळले, आणि आजीला सांधून पुन्हा उभं करावं लागलं. पाठीवरच्या त्या सांध्यावरून मी बोट फिरवलं.

फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचं, ब्रिटिश राजसत्तेखालचं हे बेट. मोडलेलं सांधायची इथली हौस पुढे लिटल चॅपेलमध्येही भेटली. ब्रदर देओदा या फ्रेंच धर्मबंधूनं १९१४ मध्ये पहिलं चॅपेल बांधलं, जेमतेम नऊ फूट लांब. त्यावर टीका झाली म्हणून ते पाडलं. दुसऱ्याच्या दारातून १९२३ मध्ये पोर्ट्‌समथच्या बिशपांना आत शिरता येईना, तेही पाडलं. आज उभं आहे ते तिसरं, सोळा फूट बाय नऊ. आतबाहेर शिंपले, गारगोट्या आणि फुटक्या कपबशा. नजरेच्या उंचीवर एका बशीची निळी किनार होती, त्यावर अर्धंच फूल. उरलेलं अर्धं मी शेजारच्या तुकड्यांत बराच वेळ शोधलं. कुणाच्या तरी घरातली रोजची बशी असेल ती.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, दुसऱ्या महायुद्धात बेट ताब्यात घेतलेल्या जर्मनांचं भुयारी इस्पितळ. खडक फोडायला परदेशांतून आणलेले वेठीचे मजूर. ओल्या बोगद्यांतून चालताना पावलांचा आवाज पुढे जाऊन परत येतो. एवढं खोदलं, आणि नॉर्मंडीच्या लढाईतले जखमी इथे काही महिनेच राहिले. तिथे मला फार वेळ थांबवेना.

फॉरेस्ट गावातल्या संग्रहालयात जर्मन ताब्याच्या पाच वर्षांतला संसार मांडलाय. चहा संपला तेव्हा लोकांनी काटेरी बेरीची पानं उकळली, कॉफीऐवजी पार्सनिपचं मूळ भाजलं. १९४४ च्या डिसेंबरअखेर ‘वेगा’ हे रेड क्रॉसचं जहाज खोकी घेऊन आलं, तेव्हा बेट उपाशी होतं.

संध्याकाळी सेंट पीटर पोर्टच्या धक्क्यावर आले. २८ जून १९४० ला इथे टोमॅटोचे ट्रक रांगेत उभे होते, निर्यातीसाठी. जर्मन वैमानिकांना तो लष्करी ताफा वाटला, त्यांनी बॉम्ब टाकले. ड्रायव्हर आपापल्या ट्रकखाली लपले. तीसहून अधिक माणसं गेली. दोन दिवसांनी जर्मन उतरले, ते ९ मे १९४५ पर्यंत राहिले.

धक्क्यावर मृतांच्या स्मरणाची पाटी आहे. सकाळी आजीच्या पायाशी पडलेलं एक फूल उचलून पर्समध्ये ठेवलं होतं, ते मी तिथे ठेवलं.