हिरवळीतला लव्हाळा

पुण्यात जूनचे पहिले दोन पाऊस झाले की आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर सगळ्यांत आधी लव्हाळा डोकं वर काढतो. हरळी अजून उन्हाळ्यातून सावरत असते, तोवर हा तिच्या वर निघून जातो. लांबून दोन्ही हिरवंच दिसतं. कमिटीतल्या बऱ्याच जणांना ते नुसतं वाढलेलं गवत वाटायचं. मशीन फिरवलं की काम झालं, असा समज. बागेची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा मी ठरवलं, की जे उपटायचं ते आधी ओळखायचं.

ओळख करून दिली ती खुरपणीला येणाऱ्या मावशींनी. उसात आणि भुईमुगात निंदणी करण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं. त्यांनी लव्हाळ्याचा दांडा माझ्या हातात दिला. "ताई, चिमटीत धरून फिरवा बरं." फिरवताना तीन कडा बोटांना स्पष्ट लागल्या. गवताच्या दांड्याला अशा कडा नसतात. मग त्यांनी बाजूची माती खुरप्याने सैल केली आणि रोप अलगद वर उचललं. खाली काळपट गाठ, तिच्यापासून निघालेला दोऱ्याएवढा तंतू, त्याच्या टोकाला दुसरी गाठ, पुढे तिसरी. एक गाठ ठेचून त्यांनी माझ्या नाकाशी धरली. दिवाळीच्या उटण्याचा वास! नागरमोथा म्हणतात तो हाच.

लव्हाळा हटत का नाही, ते त्या माळेतच आहे. वरच्या गाठीला कोंब असेपर्यंत खालच्या बऱ्याच गाठी झोपून राहतात. वरचं नुसतं ओढून तोडलं, की माळ तुटते आणि खालच्या जाग्या होतात. म्हणून आम्ही पाऊस उघडून जमिनीला वाफसा आला की खुरपं खोल घालून गाठीसकट काढायला लागलो. राहिलेल्या गाठी पुन्हा फुटतात, त्या चार-पाच पानांवर असतानाच पुन्हा काढायच्या. कारण रोप काही आठवड्यांचं झालं की नव्या गाठी धरू लागतं. काढलेल्या गाठी कंपोस्टच्या खड्ड्यात मुळीच टाकायच्या नाहीत. आम्ही त्या गच्चीवर उन्हात खडखडीत वाळवतो. हे काम चिकाटीचं आहे, पण लव्हाळा त्यानेच विरळ झाला.

बाकीची तणं इतकी हट्टी नाहीत. आंबुशीची तीन-तीन हृदयाकार पानं आणि पिवळी फुलं कुणालाही ओळखता येतात. तिची शेंग म्हणजे बोटाच्या पेरापेक्षाही लहान, उभी भेंडीच. पिकलेल्या शेंगेला बोट लावलं तर बिया टचकन उडून हातावर येतात. म्हणून ती शेंगा धरायच्या आत काढावी लागते. दुधी जमिनीलगत पसरते, तोडली की पांढरा चीक येतो. तिचं सोटमूळ एका ओढीत निघतं. घोळ मावशी घरी भाजीला नेतात. एकदांडीची मी फार घाई करत नाही, तिच्यावर फुलपाखरं येतात.

गाजर गवताला मात्र दयामाया नाही. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर ते देशात पसरलं असं मानतात आणि १९५०च्या दशकात त्याची नोंद झाली ती आपल्या पुण्यातच. आमच्याकडे ते कुंपणाच्या कडेने येतं. एकेक झाड हजारो बिया टाकतं आणि कित्येकांना त्याने अंगाला खाज, पुरळ आणि दम्याचा त्रास होतो. पांढरी फुलं दिसण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट. पावसाळ्यात त्याच्या पानांवर मळकट पांढरे, तपकिरी रेघांचे भुंगेरे दिसले तर ते मारू नका. हे मेक्सिकन भुंगेरे १९८४मध्ये बंगळुरूत याच कामासाठी सोडले होते; ते पानांची चाळण करतात.

तणनाशक मारा, हा आग्रह कमिटीच्या प्रत्येक बैठकीत होतो. ग्लायफोसेट हरळीलाही जाळतं. टू-फोर-डी रुंद पानांची तणं मारतं, पण लव्हाळ्याचा पुरता बंदोबस्त त्याने होत नाही आणि वाऱ्याने उडालेला फवारा शेजारच्या टोमॅटोची पानं वाकडी करतो. उसातल्या लव्हाळ्यावर शेतकरी हॅलोसल्फ्युरॉन वापरतात, ते तिथे ठीक. आमच्या हिरवळीवर संध्याकाळी रांगणारी बाळं असतात. मी दर वेळी विरोध केला आणि करत राहीन.

त्याऐवजी माळीकाकांना मशीनचं पातं वर घ्यायला सांगितलं. हरळी अगदी भादरली की माती उघडी पडते आणि उन्हाची वाट पाहत असलेलं बी लगेच रुजतं. रोजचं शिंपडणंही थांबवलं. आता उन्हाळ्यात काही दिवसांच्या अंतराने, पण खोलवर पाणी देतो. हरळी दाट झाली तशी आंबुशी आपोआप कमी झाली.

लव्हाळा आमच्याकडे आला तो भरावाला आणलेल्या मातीतून. अर्धवट कुजलेल्या शेणखतातूनही तणांचं बी येतंच. नवी हिरवळ करणार असाल तर ट्रकभर माती उतरवून घेण्याआधी तिची दोन घमेली मागवा, ओली करून उघड्यावर दोन-तीन आठवडे ठेवा. त्यात तीन कडांचा दांडा उगवला, तर ती माती घेऊ नका.